मिस्त्री पाणी चाखायचे

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते राइसमिलच्या इंजिनघरात जमिनीवर पालथे पडले होते आणि इंजिनाखाली साचलेलं पाणी बोटानं जिभेला लावून पाहत होते. मला वाटलं, माणूस फेफरं येऊन पडला. धावत जाऊन मी खांद्याला हात लावला तर मान न वळवताच म्हणाले, "चूप राह्य." पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं, डोळे मिटून थोडा वेळ तसेच राहिले. मग उठून बसले आणि छातीतला सगळा श्वास सोडून म्हणाले, "गोड हाय."

गोंदियात पाणी गोड नसेल तर आणखी कसं असेल, ते मला कळेना. मी तेव्हा पंचविशीतला, रेल्वेच्या शेडमधली साफसफाईची नोकरी सोडून गिरणीत इंजिनावर तेलवाला म्हणून नुकताच लागलेला. मनात म्हटलं, वेड्याच्या हाताखाली येऊन पडलो. घरी बायकोला तसं सांगितलंही. ती हसली. पुढे तिचं हसू गेलं, पण ते नंतर.

आमची गिरणी फुलचूरच्या वाटेवर, एका बोडीच्या काठाला होती. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. धान भरडायची यंत्रं फिरवायला शेठनं जे डिझेल इंजिन आणलं होतं, ते मुळात गिरणीचं नव्हतंच. मुंबईच्या बंदरात एक जुनी बोट मोडीत निघाली, तिच्या पोटातून ते काढलेलं होतं. मालगाडीनं गोंदियाला आलं आणि स्टेशनापासून बैलजोड्या लावून ओढत नेलं. दोन सिलिंडरचं, माणसाहून उंच, अंगावर हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले. बोटीत असताना समुद्राचं पाणी पंपानं ओढून त्याच्या अंगातून फिरवत, म्हणजे ते थंड राही. इथे तेच काम बोडीचं पाणी करायचं. पंप बोडीतून पाणी ओढायचा, रबरी नळ्यांतून आणि पितळी एल्बोंतून, म्हणजे कोपरासारख्या वाकड्या जोडांतून, ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीत शिरायचं, तापायचं आणि वरच्या नळीतून बाहेरच्या नालीत पडायचं. नळ्या लोखंडाच्या का नाहीत, असं मी विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, इंजिन थरथरतं, त्याच्यासंगं लोखंड थरथरलं तर तडकते, रबर सोसते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सोसते, सोसते, आन् एक दिस नाई सोसत."

ते सालेकशाकडच्या एका पोवार शेतकऱ्याचे पुत्र. तरुणपणी बापाशी भांडून पळाले ते थेट मुंबईला, आणि बंदरातल्या लहान बोटींवर इंजिनात कामाला लागले. बरीच वर्षं तिथे काढून एक दिवस परतले आणि धान लावायला लागले. का परतले, ते कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणत, "आमचे बापजादे माळव्यातून चालत इथवर आले. रस्त्यात एकाले बी समुंदर नाई लागला. मलेच काऊन लागला, सांग बरं?" आणि उठून जात.

शेठला बोटीच्या इंजिनाची माहिती असलेला माणूस हवा होता. कुणीतरी यांचं नाव सांगितलं. बोलावणं गेलं, हे आले, आणि इंजिनघराच्या दारात उभे राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत नुसते उभे. आत पाऊल टाकेनात. शेठ म्हणाला, "मिस्त्री, डर लगता है क्या?" ते म्हणाले, "लगता है." शेठ समजला, हा काही राहत नाही. पण दुपारनंतर ते चपला दाराबाहेर काढून आत आले, आणि राहिले. पुढे मी विचारलं, एवढं भेव होतं तर कायले राहिले? म्हणाले, "मी नसतो राहिलो त दुसरा कोनी आला असता. त्याले भेव नसतं."

चपला ते कधीच घालत नसत. जमीन ओली झाली तर आधी तळव्याला कळते, असं त्यांचं म्हणणं. इंजिनाभोवतीची सगळी फरशी ते रोज सकाळी झाडत आणि वर चुन्याची पातळ भुकटी भुरभुरवत. एक थेंब पडला तरी ठिपका उमटे. ठिपका दिसला की पालथे पडून ते चाखणं. बोटीवर तळाच्या खोलीत पाणी दिसलं तर चाखून बघावं लागतं. गोड लागलं तर पिण्याच्या टाकीचं. खारट लागलं तर समुद्र आत आला. गोंदियापासून समुद्र किती लांब! हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी चाखल्याशिवाय त्यांच्या अंगाची थरथर थांबत नसे. थरथर मी खरंच सांगतो. पालथं पडलेलं ते मोठं अंग मी थरथरताना पाहिलेलं आहे, आणि "गोड हाय" म्हटल्यावर थांबतानाही.

इंजिनघराला दोन दारं होती. दोन्ही सताड उघडी ठेवायची, थंडी असो की वावटळ. दाराला दगड लावलेले. धान वाळवणाऱ्या बायका ऊब घ्यायला दाराशी पोती टाकून बसत. मिस्त्रींनी ते पाहिलं की आरडाओरडा. पोती लाथेनं उडवत. एकदा तर एका म्हातारीची शिदोरी बोडीत गेली. बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत. त्यांतली गयाबाई तोंडाची मोठी फाटकी. उकडा तांदूळ करायचा तर धान आधी उकडावं लागतं, त्या भट्टीवरची ती मुख्य बाई. ती एकदा पदर खोचून आडवी झाली. "काऊन जी मिस्त्री, दार तुमच्या बापानं बांधलं का?"

मिस्त्री तिच्याइतक्याच मोठ्यानं ओरडले, "दार पळासाठी असते! तू मंधात बसली त मी कोठून पळू? तू कोठून पळशीन?"

"मले कायले पळा लागते?"

त्यावर ते नुसते तिच्याकडे पाहत राहिले. त्यांची ती नजर पाहून गयाबाईनं पोतं उचललं आणि गेली. नंतर मला म्हणाली, "भाऊ, त्या मानसाच्या डोऱ्यात कायतरी हाय. मले रात्री आठवते."

पण एक सवलत त्यांनी बायकांना दिली होती. इंजिनातून तापून बाहेर येणारं पाणी नालीत पडायचं, तिथे हिवाळ्यात हात शेकायला त्यांनी बसावं. अट एकच. पाण्याची धार बारीक झाली किंवा थांबली तर लगेच ओरडायचं.

नळ्या तपासणं हा त्यांचा रोजचा पाठ. इंजिन चालू करण्याआधी प्रत्येक नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मुठीत धरून दाबत, डोळे मिटून. नळी कडक लागली आणि आत करकरली तर तडकत चाललेली. चिखलासारखी दबली तर सडलेली. कधी माझं मनगट पकडत आणि माझी बोटं नळीवर आपल्या बोटांखाली दाबत. "काय सांगते?" मी म्हणे, ठीक वाटते. ते विचारत, "भेव वाटते का?" पहिल्यांदा मी तोऱ्यात सांगितलं, नाही. त्यांनी मनगट धरूनच मला दाराबाहेर काढलं आणि दिवसभर आत येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी होय म्हणू लागलो. आधी खोटं म्हणत होतो. खरं कधी झालं ते सांगता येत नाही. पण बहुधा नळ्या बदलायच्या पहिल्या उन्हाळ्यात.

हंगाम संपून गिरणी थंडावली की वर्षातून एकदा सगळ्या रबरी नळ्या बदलायच्या. हा त्यांचा सण होता आणि सुतकही. दोन दिवस आधीपासून बोलणं बंद. अंघोळ करून येत. आधी बोडीकडचा वॉल, म्हणजे पाण्याची चावी, बंद करायचा, मग इंजिनातलं पाणी खालून सोडून द्यायचं. नळीवरचे लोखंडी पट्टे सैल करायचे. जुनी नळी पितळेला चिकटून बसलेली असते. ती ओढायची नाही, पेचकस घालून उपसायची नाही, पितळेला ओरखडा पडतो. सुरीनं उभी चिरायची आणि सोलून काढायची. पितळेचं तोंड घासून लख्ख करायचं. नवी नळी चढवताना तेल लावायचं नाही, तेलानं रबर सडतं. साबणाचं पाणी लावायचं. प्रत्येक टोकाला दोन पट्टे, त्यांचे स्क्रू उलटसुलट बाजूंना. आणि आवळायचं बेतानं. "गळा दाबू नोको, धरून ठेव," असं ते म्हणत.

हे सगळं झालं की जुन्या नळ्या अंगणात ओळीनं मांडून ते एकेक उभी चिरत. मासा चिरावा तशी. आणि मला पोट दाखवत. त्यातली एक मी जन्मात विसरणार नाही. बाहेरून काळी, गुळगुळीत, नवी म्हणून खपली असती. आत रबराचा अख्खा पदर सुटून जिभेसारखा लोंबत होता. पाणी अडवायला फक्त पलटायचा बाकी. हे आम्ही कालपर्यंत चालवत होतो. दाबून मी "ठीक आहे" म्हटलेली तीच नळी होती.

मिस्त्री ती जीभ बोटानं खालीवर करत राहिले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्यानंतर कुठलीही गोष्ट बाहेरून चांगली दिसली की आत काय लोंबत असेल, असं माझ्या मनात येऊ लागलं. घराचं आढं, विहिरीचा दोर, तान्ह्या मुलाचा शांत श्वास. बायको म्हणायची, "ते काम सोडा जी. तुमी त्याहिच्यासारखे होऊन राहिले." ती आता हसत नव्हती.

लढाई सुरू झाली आणि रबर मिळेनासं झालं. सगळं रबर फौजेला जाऊ लागलं. शेठनं नागपूर, रायपूर, कलकत्ता, सगळीकडे माणसं पाठवली. मोठ्या खटपटीनं पंपाकडच्या, म्हणजे बोडीतून पाणी ओढणाऱ्या नळीचा एकच नवा तुकडा हाती लागला. तो बसवला. बाकीच्या नळ्या जुन्याच ठेवाव्या लागल्या. मिस्त्रींनी त्यांना कॅनव्हासच्या पट्ट्या गुंडाळून वरून सुतळी आवळली. एरवी स्वच्छ दिसणारं इंजिन लढाईतल्या जखमी शिपायासारखं दिसू लागलं.

त्याच हंगामात ती गोष्ट घडली, जिच्यामुळे त्यांचा दरारा संपला. धान ढिगानं पडलेलं, यंत्रं जोरात. एका सकाळी मिस्त्रींनी पंपाकडची ती नवी नळी दाबली आणि हात झटकन मागे घेतला. पुन्हा दाबली. मला बोलावलं. मला काही वेगळं लागलं नाही, आणि या वेळी मी भीत भीत, पण खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. "आतून गेली हाय. मले दिसून राहिली." इंजिन सुरू करू देईनात. गिरणी बंद पडली. शेठ आला. मिस्त्रींनी पट्टे सोडले, सुरी घेतली आणि शेठच्या, माझ्या, दाराशी जमलेल्या सगळ्या हमालांच्या आणि बायकांच्या देखत ती नळी टोकापासून टोकापर्यंत चिरून उघडली.

आत काही नव्हतं. स्वच्छ, ओलं, काळं रबर. बोट फिरवलं तर करकर वाजावं असं नवं.

शेठनं तो चिरलेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आवाज अजिबात चढवला नाही. "मिस्त्री, ये तो नई थी." मग म्हणाला, "अब?"

मागून कुणीतरी हसलं. त्या अंगणात त्यांना हसायची कुणाची छाती आजवर झाली नव्हती. मग आणखी काही जण हसले. मिस्त्री सुरी हातात तशीच धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा मी पाहिला तो रागाचा नव्हता. ज्या एका गोष्टीच्या भरवशावर माणूस जगतो ती हातातून निसटल्यावर चेहरा होतो, तसा होता. त्यांची भीती खोटं बोलली होती.

भंगारात टाकलेली जुनी नळी शोधून आणली. तिला कॅनव्हास गुंडाळला. तो कॅनव्हास नळीवरून पुढे पितळी एल्बोवरही घेतला, आणि तिथेच सुतळीच्या गाठी मारल्या. माझ्याच हातांनी मारल्या, मिस्त्री दाखवत होते तशा. इंजिन सुरू झालं.

त्यानंतर ते त्या नळीसमोर बसूनच राहू लागले. एक पिंप पालथं घालून त्यावर बसत, पाय जमिनीला लावून. जेवण तिथेच. बोलणं जवळजवळ नाही. दाबून पाहायचं त्यांनी सोडून दिलं होतं. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, नळी पाहून घ्या ना." तर म्हणाले, "तू पाह्य. माह्या हाताचं काई खरं नाई." मला वाटतं, त्या महिन्याइतकं भेव मी आयुष्यात खाल्लं नाही. ते भीत होते तोवर मला कुठेतरी आधार होता. आता ते नुसते पाहत बसत. इंजिनाच्या आवाजात जरा फरक वाटला की मी त्यांच्या तोंडाकडे बघे, आणि तिथे मला काहीच दिसत नसे.

थंडीतली दुपार होती. ऊन पिवळं झालेलं. बायकांची जेवणं होऊन त्या नालीवर हात शेकत बसल्या होत्या. मी इंजिनाच्या मागच्या बाजूला तेलाच्या वाट्या भरत होतो. बाहेरून गयाबाईचा आवाज आला, "मिस्त्री! पानी थांबलं! धार नाई येऊन राहिली!"

मी आधी खाली पाहिलं. चुना कोरडा होता. एक ठिपका नाही. मिस्त्रींनीही खालीच पाहिलं. जमीन कोरडी, आणि पाणी बंद. हे कसं होईल? ते पिंपावरून उठले, गुडघ्यांवर बसले आणि कोरड्या फरशीवर हात फिरवू लागले. ओलं कुठे आहे ते शोधत होते. मी ओरडलो, "मिस्त्री, बंद करू का?" त्यांना ऐकू गेलं नाही. ते हात फिरवत होते आणि तोंडानं पोवारी बोलीत काहीतरी पुटपुटत होते.

मीच इंजिनाचं डिझेल तोडलं. इंजिन धापा टाकत टाकत थांबलं. पण ते थांबल्यावर जो आवाज आला तो जास्त भयंकर होता. सिलिंडरच्या अंगात अडकलेलं पाणी उकळत होतं. लोखंडाच्या आत कुणीतरी मुठी आपटाव्यात तसे ठोके. वरची नळी, तीही कॅनव्हास गुंडाळलेली जुनी, फुगू लागली. सुतळ्या ताणल्या. मी मागच्या दाराकडे सरकलो.

तेवढ्यात समोरच्या दारातून गयाबाई धावत आत आली. हातात बोडीच्या थंड पाण्यानं भरलेली बादली. "तापलं ना जी? टाकतो ना पानी!" तिनं बादली उचलली. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर सिलिंडर तडकतो आणि वाफ घरभर उसळते, हे मला मिस्त्रींनी दर आठवड्याला सांगितलेलं. मला ओरडायचं होतं. ओरडलो नाही, मागचं दार धरून उभा राहिलो.

मिस्त्री फरशीवरून कसे उठले ते मी पाहिलं नाही. दिसलं ते एवढंच, की त्यांनी गयाबाईला कमरेशी धरलं, बादलीसकट उचललं आणि उघड्या दारातून बाहेर अंगणात फेकलं. फेकलं हाच शब्द. त्यांची पाठ इंजिनाकडे होती. त्याच क्षणी वरची नळी पट्ट्यातून सुटली.

वाफेत मला काही दिसत नव्हतं. ओरडणं ऐकू आलं नाही. फक्त पाणी फरशीवर पडण्याचा आवाज, आणि मग वाफेतून ते चालत बाहेर आले. दारातच खाली बसले. सदरा पाठीला चिकटला होता. गयाबाई अंगणात पडून कोपर धरून शिव्या देत होती. त्यांची पाठ दिसली तशी ती गप्प झाली.

ते वाचले. दवाखान्यात बरेच दिवस काढले, मग भावाच्या घरी सालेकशाकडे गेले आणि पुन्हा गिरणीत आले नाहीत. शेठनं बोलावणं पाठवलं होतं, ते येणार नाहीत हे त्यालाही माहीत असावं. त्याच्या मनात राग नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी ते साध्या तापानं गेले.

पाणी का थांबलं, ते मी दुसऱ्याच दिवशी इंजिन खोलून पाहिलं होतं. जुनी नळी शाबूत होती. कॅनव्हासखाली झाकलेला पितळी एल्बो आरपार तडकला होता. पंप बोडीतून पाणी वर ओढतो. त्यामुळे तडकलेल्या जागेतून पाणी बाहेर आलं नाही, हवा आत गेली. पंप पाण्याऐवजी हवा ओढत बसला. म्हणून जमीन कोरडी. बोटीत बाहेरचा समुद्र फटीतून आत घुसला असता, पालथं पडून चाखता आला असता. इथे चाखायला काही नव्हतं.

मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा तो एल्बो घेऊन गेलो. ते शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते, पाठीवर पातळ धोतराचा पदर टाकून. एल्बो त्यांनी हातात फिरवला, तडकलेली कड उन्हाकडे धरली. पितळ पिवळं असतं. ही कड गुलाबी होती, पावाच्या तुकड्यासारखी भुसभुशीत. नखानं खरवडली तर कण निघाले.

"खाऱ्या पान्यानं आतलं जस्त खाल्लं," ते म्हणाले. "हे इथलं काम नोहे. हे मुंबईवरूनच असं आलं. बोटीत होतं तवाच समुंदरानं खाल्लं हे." तडकलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "मी रबराले भ्यालो. पितळेवर कदी संशयच नाई घेतला, पाह्य."

मला वाटलं, ते खचतील. तसं झालं नाही. एल्बो मला परत दिला, आणि मोहाच्या झाडाखाली पोरं भांडत होती त्यांच्यावर ओरडायला उठून गेले.

पण माझ्या डोळ्यांसमोर मिस्त्री म्हटलं की तो धुरा येत नाही. दवाखान्यातली एक सकाळ येते.

त्यांना ताप चढला होता. पाठ उघडी, पालथं निजवलेलं, तोंड एका कुशीला. मी गेलो तर खाटेशेजारी जमिनीवर गयाबाई बसलेली. कोपराला फडकं बांधलेलं. ती रोजच येत होती म्हणे. नातं काय विचारलं तर दवाखान्यातल्या माणसाला तिनं सांगितलं होतं, "त्यानं मले फेकलं." त्या माणसानं पुढे विचारलं नाही.

मिस्त्री तापात बोलत होते. इतकी वर्षं आम्हाला जे सांगितलं नाही ते त्या सकाळी तुकड्यातुकड्यांनी बाहेर येत होतं. बोटीच्या तळाची खोली. नळी फुटलेली. पाणी गुडघ्यांपर्यंत. मिस्त्री शिडी चढून वर आलेले, आणि त्यांचा जोडीदार दामू अजून खाली, वॉल बंद करायला धडपडतोय. मिस्त्री वरून त्याला हाका मारत होते. पुनःपुन्हा तेच.

"दामू, सोड तो वॉल. चढ शिडी. दामू, वर ये." मग थांबत, जणू ऐकत. मग पुन्हा, आणखी मोठ्यानं, "दामू! वर ये ना रे!" अंग थरथरत होतं. थरथरलं की पाठीच्या जखमा ओढल्या जात आणि ते कण्हत. कण्हणं थांबलं की पुन्हा हाक. दामू वर आलाच नव्हता, हे सांगायची गरज नव्हती. आला असता तर हा माणूस आम्हाला अशा हाका मारताना दिसलाच नसता.

मला तिथे उभं राहवेना. मी दाराकडे वळलो.

गयाबाईनं समुद्र पाहिलेला नव्हता. बोट पाहिली नव्हती. दामू कोण, वॉल कशाला म्हणतात, तिला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती उठून खाटेच्या कडेला टेकली. मिस्त्रींचा हात हवेत काहीतरी शोधत होता, तो तिनं दोन्ही हातांत धरला. आजूबाजूला पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, जरा लाजल्यासारखी झाली. मग त्यांच्या कानाशी वाकून, आवाज जाड करून म्हणाली,

"आलो ना जी. वर आलो."

मिस्त्री गप्प झाले.

"दामू?"

"हव. आलो."

"भिजला का रे?"

गयाबाई आणखी खाली वाकली. "भिजलो," ती म्हणाली. "पन आलो जी."

त्यांनी तिचा हात मुठीत घट्ट धरला. थरथर हळूहळू उतरत गेली, आधी खांद्यांतून, मग हातातून. श्वास लांब झाला. मी त्यांना गिरणीत इतकी वर्षं पाहिलं, पण झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. खिडकीतून ऊन खाटेवर आलं, खाटेवरून उतरून भिंतीवर गेलं, तरी ते झोपलेलेच होते. गयाबाईची पाठ अवघडली असेल. मी खुणेनं म्हटलं, मी बसतो, तू ऊठ. तिनं मानेनंच नको म्हटलं आणि हात तसाच त्यांच्या मुठीत राहू दिला.